वजनकाट्याला न दिसणारी चरबी

‘पाप्याचे पितर’ आणि ‘खात्यापित्या घरचा’ या दोन शब्दप्रयोगांत मराठी माणसाने देहाविषयीचा आपला निवाडा पूर्वीच देऊन ठेवला आहे. कृश तो दरिद्री आणि अंगाने भरलेला तो सुखवस्तू, अशी ही सरळ वाटणी होती. गेल्या काही दशकांत तिची बाजू पालटली. लठ्ठ तो आळशी, खादाड आणि उद्याचा रोगी. सडपातळ तो चपळ आणि निरोगी, असे आता सुशिक्षित घरांतूनही धरून चालतात. निवाडा बदलला तरी तो देण्याची रीत मात्र तीच राहिली. माणसाकडे पाहावयाचे आणि ठरवावयाचे. फार तर त्याला वजनकाट्यावर उभे करावयाचे. ही रीत आपल्या तरुणांच्या बाबतीत किती फसवी ठरू शकते, याचा पुरावा पुण्याजवळच्या खेड्यांतूनच पुढे आला आहे. सार्वजनिक चर्चेत त्याची जेवढी दखल घेतली जावयास हवी होती, तेवढी ती घेतली गेलेली नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याच्या परिसरातील सहा खेड्यांत एक दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. गर्भवती स्त्रिया काय खातात, किती राबतात, त्यांची मुले जन्मतः केवढी असतात, याची नोंद त्यांनी केली. आणि एवढ्यावर न थांबता त्याच मुलांची त्यांच्या वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर पुन्हा पुन्हा तपासणी केली. मुले १८ वर्षांची झाली तेव्हा त्यांपैकी ६१९ जणांच्या रक्तशर्करेची परीक्षा झाली. मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के यांच्या रक्तातील साखर प्रमाणाबाहेर आढळली. यांपैकी प्रत्यक्ष मधुमेह एकालाच होता. उरलेले १८४ जण मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे होते. हे आकडे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आता याच निबंधातील दुसरा आकडा पाहावा: या मुलग्यांपैकी ४८ टक्के आणि मुलींपैकी ५४ टक्के वैद्यकाच्या रूढ मापाने कमी वजनाचे होते. म्हणजे ज्यांना पाहून ‘जरा अंग धर’ असा उपदेश कोणीही करावा, अशा पोरांच्या गटात तीनांपैकी एकाहून अधिक मुलग्यांची साखर बिघडलेली होती.

उंबरठ्यावरचा प्रत्येक जण घरात शिरतोच असे नाही, हे येथे सांगणे आवश्यक आहे. काहींची साखर आपोआपही पूर्ववत होते. तरीही अठरा वर्षांच्या खेडूत मुलाच्या रक्तात ही खूण दिसावी, हे आपल्या नेहमीच्या समजुतीत बसत नाही. मधुमेह हा चैनीचा, बैठ्या कामाचा, शहरी आणि चाळिशीनंतरचा रोग, असे आपण शिकलो व शिकवीत आलो. ही समजूत कोठे लंगडी पडते, ते समजावयाचे तर शरीरातील मेदाचा कारभार कोण चालवितो, याची थोडी माहिती घ्यावी लागते. हा कारभार रक्तातून फिरणाऱ्या काही प्रथिनांच्या हाती असतो, आणि त्यांची खरी ओळख शास्त्राला गेल्या तीस-पस्तीस वर्षांतच झाली आहे.

मेदपेशी म्हणजे चरबीचे गोदाम, अशी पूर्वीची कल्पना. माल आला की ठेवावयाचा, मागणी आली की द्यावयाचा. गोदामाला स्वतःचे मत नाही. १९४९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर अफाट लठ्ठ होताना आढळले. त्यांच्या एका जनुकात दोष होता. तेथील डग्लस कोलमन यांनी पुढे लठ्ठ आणि निरोगी उंदरांचा रक्तप्रवाह एकमेकांस जोडून पाहिला, तेव्हा या लठ्ठ उंदरांची भूक ओसरून ते वाळू लागले. निरोगी उंदराच्या रक्तात भूक आवरणारे काहीतरी आहे आणि लठ्ठाच्या रक्तात ते नाही, हे अनुमान स्पष्ट होते. परंतु ते ‘काहीतरी’ हाती यावयास १९९४ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन आणि त्यांचे सहकारी यांनी ते जनुक शोधून काढले. त्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनाला, ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, लेप्टिन हे नाव मिळाले. हे प्रथिन तयार होते ते मुख्यत्वे मेदपेशींतच. ज्याला आपण मुके गोदाम समजत होतो, ती खरे पाहता मेंदूला नियमाने पत्रे धाडणारी कचेरी निघाली. शिल्लक किती आहे, याची ही पत्रे.

औषध कंपन्यांना अर्थातच हर्ष झाला. अ‍ॅमजेन या कंपनीने या शोधाच्या हक्कांसाठी १९९५ साली दोन कोटी डॉलर मोजले. लठ्ठपणा म्हणजे लेप्टिनचा तुटवडा. तो सुईने भरून काढला की झाले, असा हा हिशेब होता. दुर्मिळ प्रसंगी तो बरोबरही ठरला. १९९७ साली केंब्रिजच्या वैद्यांनी पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील दोन चुलत-मावस नात्यांतील मुलांचे वृत्त दिले. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो आणि दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो होते. त्यांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. मुलीला ते देताच तिची अनावर भूक शमली आणि वर्षभरात तिचे वजन १६ किलोंहून अधिक उतरले. या मुलीला त्यापूर्वी किती जणांनी खादाड म्हटले असेल, याची कल्पना करावी. भुकेचे नियमन करणारे एक प्रथिन नाही एवढाच तिचा अपराध होता.

परंतु सर्वसाधारण लठ्ठ माणसांचे रक्त तपासताच हा हिशेब उलटला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोजणीत लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन सडपातळांच्या सुमारे चौपट आढळले. तुटवडा नव्हता, पत्रांचा ढीग पडला होता आणि मेंदू ती उघडीतच नव्हता. वरून आणखी लेप्टिन देऊन १९९९ साली केलेल्या चाचणीत थोड्यांचे वजन बरेच उतरले, पुष्कळांचे नाममात्र. त्याच सुमारास या प्रथिनाचे मूळ प्रयोजनही उलगडू लागले. उपासमार होताच लेप्टिन झपाट्याने घटते आणि शरीर प्रजननापासून ऊब राखण्यापर्यंतचे सगळे खर्च आवरते घेते. लेप्टिनचे मुख्य काम लठ्ठपणाला लगाम घालण्याचे नसून दुष्काळाची वर्दी देण्याचे असावे, हे मत त्यातून पुढे आले. बाहत्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढलेल्या महाराष्ट्राला हे पटवून देण्यास फार युक्तिवाद लागू नये. टंचाईसाठी रचलेली यंत्रणा विपुलतेत गोंधळते, यात आश्चर्य ते काय?

लेप्टिनच्या पाठोपाठ इतर नावे आली. ती सर्व येथे देण्याचे प्रयोजन नाही. तथापि जेवणातील मेद रक्तात उतरल्यावर त्याची वाटणी कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म भिंतींवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर असते. ते मेदाचे तुकडे करून शेजारच्या पेशींच्या हवाली करते. शेजारी स्नायू असेल तर जाळण्यासाठी, मेदपेशी असेल तर साठविण्यासाठी. या विकराची दारे उघडण्या-मिटण्याचे काम अँजिओपॉयटिनसदृश या गटातील तीन, चार आणि आठ या क्रमांकांची प्रथिने करतात. जेवणानंतर आठ क्रमांकाचे प्रथिन वाढते आणि तीन क्रमांकाच्या संगतीने स्नायूंकडील दारे लावते. मेद साठ्याकडे जातो. उपवासात चार क्रमांकाचे प्रथिन मेदपेशींकडील दारे लावते; मेद स्नायूंकडे जातो. या सर्वांवर इन्शुलिनची देखरेख असते. इन्शुलिनला आपण साखरेपुरते ओळखतो. वस्तुतः साठलेली चरबी अवेळी बाहेर पडू न देणे हेही त्याचेच काम, आणि तेही एक प्रथिनच आहे. याच आठ क्रमांकाच्या प्रथिनाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी त्याच्यामुळे झपाट्याने वाढतात, असा दावा २०१३ साली हार्वर्डमधून करण्यात आला. मधुमेहावर उतारा सापडला म्हणून जगभर त्याचा गाजावाजा झाला. वर्षभरात इतरांना तो पडताळा येईना, आणि पुढे मूळ निबंधच लेखकांनी मागे घेतला. रक्तातील एखाद्या प्रथिनाविषयी वृत्तपत्रांत मोठ्या मथळ्याची बातमी येते, तेव्हा हा इतिहास ध्यानात ठेवलेला बरा.

आमच्या विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रथिन म्हणजे अ‍ॅडिपोनेक्टिन. १९९५ साली अमेरिकेत फिलिप शेरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे पहिले वृत्त दिले. तेही मेदपेशींतच तयार होते. परंतु त्याची चाल उफराटी आहे. चरबी वाढते तसे लेप्टिन वाढते, अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र घटते. ते भरपूर असले की यकृत आणि स्नायू इन्शुलिनचे ऐकतात. घटले की ऐकेनासे होतात. २००७ साली शेरर यांच्याच प्रयोगशाळेने एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. लेप्टिन नसलेल्या त्या लठ्ठ उंदरांच्या अंगी अ‍ॅडिपोनेक्टिन जास्त निर्माण होईल, अशी योजना करण्यात आली. उंदीर पूर्वीपेक्षाही प्रचंड लठ्ठ झाले. पण त्यांची साखर आणि रक्तातील मेद सुधारले. चरबी यकृतातून निघून त्वचेखालच्या साठ्यात जाऊन राहिली होती. याच्या नेमकी उलट स्थिती एका दुर्मिळ विकारात दिसते. काही माणसांच्या अंगी मेदपेशीच जवळजवळ नसतात. दिसावयास ती पिळदार, काटक. परंतु त्यांचे यकृत चरबीने भरलेले आणि मधुमेह उग्र. चरबी ठेवावयास जागाच नाही, म्हणून ती भलत्या ठिकाणी जाते. लेप्टिनला औषध म्हणून अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली ती याच रुग्णांसाठी, लठ्ठांसाठी नव्हे. नियतीचा विनोद म्हणावा असा हा प्रकार आहे.

हे दोन दाखले शेजारी ठेवले म्हणजे ‘चरबी किती?’ या प्रश्नाची जागा ‘चरबी कोठे?’ हा प्रश्न घेतो. कणगी मोठी असेल तर पुष्कळ धान्य सुखाने राहते. कणगी लहान असेल तर थोडे धान्यही ओसरीवर आणि माजघरात सांडते, आणि मग उंदीर-घुशी लागतात. लठ्ठ माणसाला धोका नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मोठी कणगीही अखेर भरतेच. गुडघे, हृदय, श्वास यांवर भार पडावयाचा तो पडतोच. परंतु सडपातळ माणूस सुरक्षित आहे, या निष्कर्षाचा पाया यामुळे निखळतो.

आणि भारतीय उपखंडातील माणसाची कणगी लहान असावी, असे सुचविणारा पुरावा बराच आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातील संशोधकांनी २००७ साली दक्षिण आशियाई आणि गौरवर्णीय अशा तरुण पुरुषांची तुलना प्रसिद्ध केली. वय सरासरीने सत्तावीस. दक्षिण आशियाई तरुणांच्या त्वचेखालील मेदपेशी गोऱ्या तरुणांच्या मानाने सुमारे दुप्पट फुगलेल्या होत्या, रक्तातील अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होते आणि त्यांचे शरीर इन्शुलिनला कमी दाद देत होते. तपासलेले तरुण सर्व मिळून पन्नासही नव्हते. तेव्हा या एका अभ्यासावर इमारत रचता येणार नाही. परंतु तो एकटा नाही. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापून हा मुद्दा मांडला होता. दोघांचा देहभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी ते गाठण्यासाठी केलेली धाव, अशी कबुलीही त्या टिपणात थट्टेने दिली होती. म्हणजे व्यायामाचा वाटा नाकारला नव्हता. पण वजनाच्या मापाला दोघांतील हा फरक दिसत नाही, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आले.

व्यायामाचा प्रश्नच येत नाही अशा वयातली तुलनाही झालेली आहे. पुण्याच्या परिसरातील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच हलकी असतात. स्नायू कमी, पोटातील अवयव लहान. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली असते. नाळेतील रक्त तपासले असता वजनाच्या मानाने लेप्टिन आणि इन्शुलिन अधिक भरले. याज्ञिकांनी याला ‘कृश-स्थूल’ भारतीय बालक म्हटले. आईच्या कुपोषणाशी, तिच्या रक्तातील जीवनसत्त्वांशी आणि गर्भारपणातील साखरेशी याचा संबंध जोडला जातो. अनुवंशाचा वाटा किती आणि गर्भातील परिस्थितीचा किती, हा वाद अद्याप संपलेला नाही. तो येथे सोडविण्याचा आव आणण्याचे कारण नाही. अठरा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात तर आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांची साखर बिघडली, त्यांच्यात ती लहानपणापासूनच थोडी चढी होती, आणि गरजेप्रमाणे जादा इन्शुलिन पुरविण्याची त्यांच्या स्वादुपिंडाची शक्ती तोकडी होती. लहान कणगी आणि दुबळा रखवालदार, अशी ही दुहेरी अडचण आहे. जन्मतःच जो हिशेब असा तुटीचा आहे, त्यात तारुण्यात थोडे पोट सुटले तरी पुरे होते.

असो. आता ज्या मापाने आपण सर्व काही मोजतो, त्याची कुळकथा पाहू. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागण्याचे हे गणित एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केटले यांचे. १९७२ साली अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवर ते पारखून त्याला ‘देहभार निर्देशांक’ हे नाव रूढ केले. त्या पाच देशांत भारत नव्हता. पुढे २५ च्या वर जादा वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा, अशा रेषा जगभर आखल्या गेल्या. भारतीय वैद्यांनी २००९ साली एकमताने त्या २३ आणि २५ वर खाली आणल्या, हे योग्यच झाले. परंतु रेषा खाली आणल्याने मापाचा मूळ दोष जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या खाली आणलेल्या मापानेही प्रौढांपैकी २८.६ टक्केच लठ्ठ ठरले. कमरेचा घेर मोजला तेव्हा मात्र पोटाची चरबी वाढलेले ३९.५ टक्के निघाले. शंभरांतील दहा-अकरा माणसांचा हा फरक एका साध्या फितीने उघडकीस आणला. त्याच पाहणीने देशात मधुमेही १० कोटी १० लाख आणि उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज दिला.

येथे आपल्या आरोग्यव्यवस्थेची एक फट स्पष्टपणे दाखविणे भाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची मर्यादा १८ वर्षांची. किशोरांसाठीचा कार्यक्रम २०१४ चा. तो १९ पर्यंत जातो. मधुमेह, रक्तदाब आदी असंसर्गजन्य रोगांची सरसकट तपासणी सुरू होते ती वयाच्या ३० व्या वर्षापासून. मधल्या दहा-अकरा वर्षांत स्त्री निदान गर्भारपणाच्या निमित्ताने तरी दवाखान्याची पायरी चढते, तिचे रक्त कोणीतरी तपासते. तरुण पुरुषाकडे मात्र, तो आजारी पडेतो, कोणीही पाहत नाही. आणि पुण्याजवळच्या खेड्यांतील आकडा तर सांगतो की बिघाडाचे प्रमाण मुलींपेक्षा मुलग्यांत दुप्पट आहे. ज्याची तपासणी सर्वांत आधी व्हावी, त्याच्याकडे व्यवस्था सर्वांत शेवटी वळते. हाच मुलगा तिशीपर्यंत कारखान्यात, रिक्षावर, स्पर्धा-परीक्षांच्या अभ्यासिकेत किंवा कचेरीच्या टेबलाशी बसतो. वडापाव आणि चहा यांवर दिवस काढतो. आणि ‘बारीक आहे, त्याला काय होणार’ असे घरचेही म्हणतात. त्याची पहिली तपासणी होईतो बारा वर्षे निघून गेलेली असतात.

यावर बाजाराने आपली उत्तरे केव्हाच तयार ठेवली आहेत. लेप्टिन, अ‍ॅडिपोनेक्टिन मोजून देणाऱ्या खाजगी प्रयोगशाळा आहेत. ज्या मुलाला अगदी बालपणापासून अनावर भूक आणि अतोनात लठ्ठपणा आहे, त्याचे लेप्टिन मोजण्यात अर्थ असतो. सर्वसामान्य तरुणाने त्यासाठी पैसे खर्चू नयेत. या प्रथिनांनी आपल्याला रोगाची घडण समजावून दिली, ही त्यांची खरी देणगी. परंतु एकेका व्यक्तीच्या बाबतीत उपचार ठरविण्याइतके त्यांचे आकडे अद्याप उपयोगी नाहीत. दुसरे उत्तर सुयांचे. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. ही औषधे परिणामकारक आहेत, याबद्दल शंका नाही, आणि लठ्ठपणाने खरोखर गांजलेल्यांना ती नाकारणे हा अन्याय होईल. लठ्ठ मनुष्याला इच्छाशक्तीचे व्याख्यान देणाऱ्यांनी केंब्रिजच्या त्या मुलीची हकीकत एकदा वाचावी. परंतु या औषधांनी वजन घटते त्यात चरबीबरोबर स्नायूंचाही वाटा असतो. ज्याचे मूळ दुखणे स्नायूंच्या तुटवड्याचे आहे, त्या कृश-स्थूल तरुणाने आरशात दिसणारे थोडे पोट घालविण्यासाठी सुईकडे वळणे, हे आगीतून फुफाट्यात पडणे होय.

मग करावयाचे काय? काही विद्यापीठांत पदवीच्या पहिल्या वर्षाला विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी करण्याची पद्धत आहे. ती पुष्कळदा उंची, वजन आणि वैद्याची सही यांवर उरकते, हे शिक्षकवर्ग जाणतोच. तीत कमरेचा घेर आणि उपाशीपोटीची साखर या दोन नोंदींची भर घालता येईल. एकट्या फितीवर भागणार नाही, हेही सांगितले पाहिजे. पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९० सेंटिमीटरची. खेड्यातील त्या कमी वजनाच्या मुलांच्या कमरा या रेषेच्या पुष्कळ आत असणार, आणि फीत त्यांना निरोगी ठरवून मोकळी होईल. म्हणून रक्ताचा तो एक थेंब अटळ आहे. जी मुले महाविद्यालयात पोचत नाहीत, त्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी गावपातळीवरील तपासणीचे वय तीसवरून वीसवर आणणे हाच मार्ग दिसतो.

याला घेतला जाणारा आक्षेप ठाऊक आहे. आहेत त्या रुग्णांना गोळ्या पुरत नाहीत, प्राथमिक केंद्रांत माणसे नाहीत, तेथे लक्षावधी तरुणांच्या नावापुढे ‘पूर्वमधुमेही’ असा शिक्का मारून त्यांचे काय करणार? आक्षेप खोटा नाही. लग्नाच्या बाजारात आणि नोकरीच्या दारात असा शिक्का मुलाला जाच करील, ही भीतीही खरी आहे. नोंद गुप्त राखण्याची व्यवस्था झाल्याखेरीज हे काम हाती घेऊ नये. परंतु या वयात बहुतेकांना औषध लागत नाही. डाळ, कडधान्ये, अंडी, दूध यांचा ताटातील वाटा वाढविणे, भातपोळीचा ढीग आणि साखरेचा चहा कमी करणे, आणि स्नायू घडविणारी मेहनत, हाच या वयातला मुख्य उपचार. शाळेभोवतीचे मैदान वाहनतळासाठी गिळंकृत होऊ न देणे हेही त्यातच मोडते, मग ते आरोग्यखात्याच्या अंदाजपत्रकात कोठे बसत असो वा नसो.

शिवाय विशीपर्यंत थांबणेही अपुरेच, असे या विषयात उभी हयात घालविलेल्यांचे मत आहे. कारण हिशेबातील तूट आईच्या पोटातच सुरू होते. पुण्याच्या संशोधकांनी २०१२ साली त्याच खेड्यांतील, १९९३ नंतर जन्मलेल्या त्याच मुलामुलींना लग्नापूर्वीच ब-१२ जीवनसत्त्व आणि इतर सूक्ष्मपोषके देण्याचा प्रयोग सुरू केला. ती मुलगी पुढे आई झाली की तिच्या बाळाचे वजन घ्यावयाचे आणि नाळेतले रक्त पाहावयाचे, अशी त्याची योजना होती. ज्यांच्या आयांची ताटे तेव्हा मोजली गेली होती, त्यांचीच मुले अशा रीतीने आता मोजली जात आहेत.